केळीच्या विहिरी आणि सातपुड्याचे गवत

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातली केळी मुख्यतः विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर उभी आहे. हे पाणी मुरते ते सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडगोटे आणि भरड वाळूच्या बझाडा पट्ट्यात. पाणी खोल गेले की बंधारे आणि पुनर्भरणाच्या योजनांची चर्चा होते. वरच्या उतारांवरच्या गवताची मात्र फारशी होत नाही. वास्तविक पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की माती सुटते आणि तिचा बारीक गाळ नेमका मुरणीच्या जागी बसून गोट्यांमधल्या फटी बुजवतो. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे झुपके तो आघात झेलतात आणि मुळांनी माती धरून ठेवतात. कुरण राखणे हे म्हणूनच पाणी राखण्याचेच काम आहे.

मग तिथे झाडेच का लावू नयेत, असे विचारले जाईल. सातपुड्यात साग, अंजन, सालईची राने होती. ती जिथे तुटली तिथे झाडे परतलीच पाहिजेत. पण प्रत्येक मोकळा माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. संशोधक आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातल्या वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली माळराने निदान साडेसातशे वर्षे जुनी असल्याचे दिसले. शासकीय नोंदींत मात्र असे माळ ‘पडीक’ ठरतात आणि वृक्षलागवडीचे खड्डे आधी तिथेच पडतात. दाट लागवड पाणीही अधिक ओढते. दक्षिण आफ्रिकेत गवताळ आणि झुडपी डोंगरांवर परदेशी झाडे वाढली तसे ओढ्यांचे पाणी घटले, म्हणून 1995 पासून तिथे ती सरकारी खर्चाने काढली जात आहेत. राहिला कार्बनचा प्रश्न. गवत तो बहुतांशी मातीत साठवते, त्यामुळे वरचे पाते वणव्यात जळले तरी खालचा साठा बराचसा टिकतो.

चराईने गवत संपते, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. गवत आणि चरणारी जनावरे एकत्रच उत्क्रांत झाली; नुकसान होते ते विश्रांती न देता चारल्याने. मेंढपाळांना कायमचे हाकलण्यापेक्षा त्यांच्यासोबत पाळ्या ठरवणे शहाणपणाचे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार जगातल्या निम्म्यापर्यंत कुरणभूमीचा ऱ्हास झाला आहे, आणि 2026 हे वर्ष कुरणे व पशुपालकांसाठी जाहीर झाले आहे. पायथ्याच्या ग्रामसभांनी यंदा एवढे करावे: गायरानात खड्डे घेण्याआधी तिथे कोणते गवत आहे ते जाणत्या गुराख्यांकडून नोंदवून घ्यावे, आणि बी झडेपर्यंत एक तुकडा चराईला बंद ठेवावा. त्यातला काही खर्च खालच्या केळी बागायतदारांनी उचलावा, कारण पाणी त्यांच्याच विहिरीत उतरते.