आमच्या गावात आम्हीच सरकार

"आपल्याले काय समजते? साहेबाले इचारा!" पारावर, बांधावर हे वाक्य रोज ऐकू येते. रोज बोलून बोलून ते खरे वाटू लागते आणि माणूस अर्ज करायचेही सोडून देतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे वाक्यच बदलले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार," असे गाव म्हणू लागले. पण नुसत्या घोषणेने जंगल मिळत नाही. गावाने अभ्यासगट चालवला, कायदे समजून घेतले, ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनेच निर्णय केले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी झगडावे लागलेच. २७ एप्रिल २०११ रोजी पासबुक ग्रामसभेच्या हाती आले.

शेतकरी बंधूंनो, "माह्यानं होत नाही" म्हणण्याऐवजी सकाळी उठून "आज सातबारा आणतो" एवढेच म्हणा, आणि आणा. झेपेल तेच बोला, म्हणजे मनालाही पटते. तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही "तुले समजत नाही" हे वाक्य टाकावे. गावाची निम्मी हिंमत तिथेच खचते.