गोळीनं उतरणारा ताप आणि हृदयाची झडप

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. गडावरून दर्शन करून परतलेल्या माणसाला ताप भरला, की घरचे म्हणणार, ‘शीण झालाय, गोळी घे.’ बहुतेकदा ते खरंही असतं. पण लहानपणच्या सांधेतापानं झडप अधू झालेल्या माणसाचा ताप दोन आठवडे येत-जात राहिला, तर तो शिणाचा नव्हे.

हृदयाचं दुखणं म्हणजे छातीत कळ, असं आपण धरून चालतो. झडपेच्या जंतुसंसर्गात मात्र छाती बहुधा दुखत नाही. ताप, घाम, उतरत चाललेलं वजन, इतकंच. हिरड्यांतले किंवा कातडीवरचे जंतू रक्तातून झडपेवर बसतात आणि तिथं फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे गुठळे वाढतात. त्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला, की तोंड वाकडं, हात लुळा. घरचे मग लकव्याचं औषध शोधत फिरतात.

‘इंजेक्शन घेतलं, ताप उतरला, बरा झाला.’ सगळ्यांत महागात पडतो तो हा समज. तीन दिवसांच्या अँटिबायोटिकनं जंतू दबतात, मरत नाहीत. वर ब्लड कल्चरमध्येही सापडेनासे होतात. म्हणून रक्त औषधाआधी घ्यायचं, तेही वेगवेगळ्या वेळी टोचून, तीनदा. औषध सहसा 4 ते 6 आठवडे शिरेतून चालतं. कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या घराला हे परवडत नाही, हे खरंच. पण अर्धवट सोडणं त्याहून महाग.

कारण तोवर झडपेला भोक पडतं, तिला ताणून धरणारे दोरे तुटतात, रक्त उलटं फिरतं. उताणं झोपलं तरी दम लागतो. हे हार्ट फेल्युअर. या आजारात सर्वाधिक बळी त्याचेच. महाधमनीच्या झडपेशेजारी गळू झालं, तर ठोक्याचा संदेश नेणारी वाट अडते आणि ईसीजीच्या पट्टीवर दोन लाटांमधलं अंतर वाढत जातं. तेव्हा पुन्हापुन्हा ईसीजी काढणं हा बिल फुगवण्याचा डाव नव्हे. अशा वेळी ‘आधी जंतू मरू द्या, मग ऑपरेशन’ म्हणत थांबणंच जिवावर बेततं. उपचार मिळूनही रुग्णालयात साधारण पाचातला एक दगावतो.

झडप बदलली की धोका टळला? उलट, कृत्रिम झडपेवर जंतू अधिक सहज बसतात. अशा माणसानं दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. सरसकट सगळ्यांनी नव्हे.

झडपेचा आजार असेल आणि ताप हटत नसेल, तर जुने कागद घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारखं मोठं रुग्णालय गाठा आणि पहिल्याच वाक्यात झडपेचं सांगा.