रेंज नसली तरी ११२ लावा



रेडिओलहरी कालव्याच्या पाण्यासारख्याच मर्यादित आहेत. सरकार त्या कंपन्यांना वाटून देते, म्हणून आपला फोन एरवी आपल्याच कंपनीच्या टॉवरवर चालतो. संकटात मात्र दुसऱ्याची चारीही आपल्याला खुली असते. फडात बिबट्या आला आणि फोनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसले, तर दुसऱ्या कंपनीची रेंज आहे असे समजावे व ११२ लावावा. साधा फोन लागणार नाही.

जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतील काही टॉवरवर जिओ, एअरटेल, बीएसएनएलच्या ग्राहकांना एकमेकांचे नेटवर्कही वापरता येऊ लागले.

कोणाचीच रेंज नसेल तिथे ११२ सुद्धा लागत नाही. तेव्हा डिंगोरे परिसरातील सभासदांनी फडाजवळ रेंज कुठे मिळते ते तोडणीआधीच पाहून मुकादमास दाखवून ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी