'ईति' ते 'सूत्रकृमी' : तंजावरच्या भातशेतीतील अदृश्य किडीचे नामकरण

संस्कृत परंपरेने पिकांवरील संकटांना 'ईति' ही संज्ञा देऊन त्यांची संख्या सहा मानली : अतिवृष्टी, अनावृष्टी, मूषक, शलभ म्हणजे टोळ, शुक म्हणजे पोपट आणि सीमेलगतचे राजे. यांपैकी भूमीत वसणारा एकटा मूषक. पण त्याचेही बीळ बांधावर दिसते. मराठीतील 'हुमणी' हा शब्द रुळला, कारण मुळे कुरतडणारी ती पांढरी अळी नांगरटीत वर येते. वाळवीला तर वारुळामुळे वाल्मीकीच्या आख्यानात स्थान मिळाले. जे दिसले, त्याला नाव लाभले. जे दिसले नाही, त्याचे काय, हा प्रश्न तंजावरच्या संदर्भात केवळ भाषिक राहत नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै, सांबा व ताळडी हे भाताचे हंगाम आहेत. येथील भाताच्या मुळांवर गाठी करणारी एक सूत्रकृमी आढळते. तिची पिल्ले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असतात. ती मुळाच्या टोकात शिरतात. टोक आकड्यासारखे वळून सुजते, मूळ पाणी व अन्न पुरेसे ओढू शकत नाही आणि वर रोपे ठिकठिकाणी पिवळी, खुरटी दिसतात. ही लक्षणे जमिनीचा कस गेल्याच्या खुणांसारखीच असल्याने शेतकरी खताची मात्रा वाढवतो. कारण मात्र मातीखालीच राहते.

या किडीचा संबंध पाण्याशी आहे. शेतात पाणी सतत उभे असेल, तर पिल्लांना नव्या मुळांत शिरता येत नाही. जमीन आलटून पालटून ओली-कोरडी राहिली, की प्रादुर्भाव बळावतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते. ते लांबले, की कालव्याच्या शेवटच्या टोकावरील अल्पभूधारकाला चिखलणीऐवजी कोरड्या जमिनीत पेरणी करावी लागते. अशा वेळी पाण्याची टंचाई आणि मुळांची कीड त्याच्यावर एकदमच येतात. एकरभर भातावर वर्षाचे धान्य अवलंबून असणाऱ्या घरात ही तूट बाजारभावात नव्हे, कणगीत मोजली जाते.

मराठीतील 'सूत्रकृमी' आणि तमिळमधील 'नूर्पुळु' हे दोन्ही शब्द 'सूत' व 'कृमी' यांच्या जोडणीतून घडले आहेत. 'दोरा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेल्या पाश्चात्त्य संज्ञेचे ते समांतर अनुवाद होत. १६७६ ते १८५५ या काळातील मराठी सत्तेमुळे ज्या तंजावरात या दोन भाषा शेजारी नांदल्या, तेथे हे साम्य विशेष लक्षणीय ठरते. मात्र हे साम्य परस्पर देवाणघेवाणीतून आलेले नसून प्रयोगशाळेतून आलेले आहे. 'हुमणी'मागे शेताचा अनुभव आहे, 'सूत्रकृमी'मागे सूक्ष्मदर्शकाचा. रोप उपटून, मुळे धुऊन आकड्यासारखी गाठ हाताने चाचपणे एवढीच कृती या दोन अनुभवांना जोडू शकते. ती शेतकऱ्याच्या सवयीची झाली, तर रोपवाटिकेतील दूषित रोपे लावणीपूर्वीच वगळता येतील, आणि खतावरचा निष्फळ खर्चही टळेल.