मंडळाचं सोशल मीडिया तुमच्याकडे आलंय? मग एवढं वाचाच

मंडळाच्या वार्षिक सभेत ‘आता ते फेसबुक-इन्स्टाचं कोण बघणार?’ असा प्रश्न निघाला की सगळ्या माना खोलीतल्या सर्वांत तरुण माणसाकडे वळतात. तुम्ही इंजिनीअर असा, नर्स असा नाहीतर इतिहासात पीएचडी करत असा, ‘तुम्हा मुलांना जमतं हे’ एवढी पात्रता पुरते. पण स्वतःचं अकाउंट चालवणं वेगळं आणि संस्थेचं चालवणं वेगळं. इथे लिहिता तुम्ही, पण बोलते संस्था.

आणि ऐकणारेही वेगळे असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. तेव्हा निरोप टपालाने आणि फोनने जायचे. आज ऑगस्टमध्ये शिकायला आलेली मुलगी मंडळ शोधते ते फोनवर. तिला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा शेवटचा फोटो दिसला, तर मंडळ बंद पडलं असं समजून ती पुढे जाते. पहिला गणपती मग खोलीत एकटीचा. तुमचं काम सर्वांत आधी तिच्यासाठी आहे.

आधी किल्ल्या ताब्यात घ्या

बऱ्याच ठिकाणी पेज कुणीतरी स्वतःच्या ईमेलवरून उघडलेलं असतं. ती व्यक्ती दुसऱ्या शहरात जाते आणि पासवर्डही तिच्याबरोबर जातो. म्हणून पहिली पोस्ट टाकण्याआधी मंडळाच्या नावाचा ईमेल उघडा आणि त्यावर सगळी अकाउंट्स आणा. प्रत्येक ठिकाणी किमान दोन अॅडमिन ठेवा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि तिचे बॅकअप कोड समितीकडे ठेवा, नाहीतर सगळा कारभार एका माणसाच्या फोनवर अडकतो. समिती बदलली की खजिनदार चेकबुक सोपवतो, तशीच ही अकाउंट्सही सोपवायची.

फेसबुकवर मंडळाच्या नावाने ‘प्रोफाइल’ असेल तर त्याऐवजी ‘पेज’ उघडा. प्रोफाइल हे माणसासाठी असतं आणि त्यावर ५,००० मित्रांची मर्यादा आहे. पेजला तशी मर्यादा नाही, शिवाय ते अनेकांना मिळून चालवता येतं.

सगळीकडे असायची गरज नाही

सुरुवातीला दोनच जागा निवडा. विद्यार्थी आणि विशीतले लोक हवे असतील तर इन्स्टाग्राम, कुटुंबं आणि ज्येष्ठ मंडळी हवी असतील तर फेसबुक. व्हॉट्सअॅप तर आहेच, पण तिथे एक गोष्ट सांभाळा. साध्या ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत लोक मावतात आणि प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. नव्या शहरात एकटी राहणाऱ्या मुलीला आपला नंबर शेकडो अनोळखी लोकांपुढे ठेवायचा नसेल, तर तिची काय चूक? त्यापेक्षा ‘कम्युनिटी’ करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये घोषणा फक्त अॅडमिन टाकतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचे ग्रुप वेगळे ठेवा. ज्यांना हवं ते येतील.

पोस्टमध्ये काय असावं

आपल्याकडची नेहमीची पोस्ट म्हणजे एक भरगच्च पोस्टर. त्यात सगळ्या प्रायोजकांचे लोगो, कोपऱ्यात बारीक अक्षरात पत्ता आणि खाली ‘सर्वांनी अवश्य यावे’. चित्रातली ही अक्षरं सहज कॉपी होत नाहीत, आणि दृष्टिहीन लोकांचं स्क्रीन रीडरही ती नीट वाचेलच असं नाही. म्हणून सगळा मजकूर पोस्टमध्ये अक्षरांत लिहा. देवनागरीत लिहा आणि खाली दोन ओळी इंग्रजीत. इथे वाढलेल्या कित्येकांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आणि चित्राचं वर्णन लिहायची सोय असते, ती वापरा.

नमुना असा: ‘गणपती, शनिवारी दुपारी ४ वाजता. आरती, मग जेवण. विद्यार्थ्यांना तिकीट नाही. स्टेशनपासून चालत १० मिनिटं. एकटे येत असाल तर आम्हाला मेसेज करा, दारात कुणीतरी भेटेल.’ यातलं शेवटचं वाक्य पोस्टरवर कधीच नसतं, आणि नव्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

फोटो: आधी विचारा

नावनोंदणीच्या वेळीच फोटोबद्दल विचारा. ‘फोटो नको’ म्हणणाऱ्यांसाठी वेगळ्या रंगाचं स्टिकर ठेवा, म्हणजे फोटो काढणाऱ्याला ते लगेच कळतं. लहान मुलांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय टाकू नका, आणि होकार असला तरी मुलाचं पूर्ण नाव किंवा शाळा लिहू नका. कुणी फोटो काढायला सांगितला तर कारण विचारत बसू नका. कुणी छळ करणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहत असतं, कुणाला आपला ठावठिकाणा घरच्यांना कळू द्यायचा नसतो. एका टॅगमुळे तो उघड होऊ शकतो.

कायदा कुठे आडवा येतो

अमेरिकेत तुमचं मंडळ ५०१(सी)(३) संस्था असेल, तर कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला तिला मनाई आहे. हा नियम १९५४ पासून आहे आणि सोशल मीडियालाही लागू होतो. सिटी कौन्सिलला आपला मराठी माणूस उभा राहिला तरी मंडळाच्या पेजवरून ‘मत द्या’ म्हणता येत नाही. सभासद स्वतःच्या अकाउंटवरून खुशाल म्हणोत. ब्रिटनमध्येही धर्मादाय संस्थेला पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या चॅरिटी कमिशनने सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियाबद्दल मार्गदर्शन काढलं. संस्थेचं याबाबत लेखी धोरण असावं, असं त्यात म्हटलं आहे.

पैसे मागताना आणखी जपा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जाहीरपणे देणग्या मागण्याआधी नोंदणी लागते. संयुक्त अरब अमिरातीत तर २०२१ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं हा गुन्हा आहे. तिथे ‘गावच्या पूरग्रस्तांसाठी मदत पाठवा’ अशी साधी पोस्टही तुम्हाला अडचणीत आणू शकते.

गाण्यांचंही तसंच. कार्यक्रमाच्या व्हिडिओत मागे सिनेमाचं गाणं असेल तर यूट्यूब त्यावर हक्काचा दावा लावू शकतं किंवा आवाज बंद करू शकतं. आपल्याच ढोलपथकाचा आवाज वापरा. तो जास्त छान लागतो.

भांडणं होणारच

भारतातल्या निवडणुका, जात, भाषा, नाहीतर जेवणाचे दर, विषय कुठलाही असो. भांडण झाल्यावर नियम केले तर ते कुणाविरुद्ध तरी केलेत असंच वाटतं. म्हणून आधीच एका पानावर लिहून समितीची सही घ्या: कोण लिहितं, कोण तपासतं, उत्तर किती वेळात द्यायचं, काय काढून टाकायचं. वेगळं मत म्हणून कॉमेंट काढू नका. कुणाची बदनामी किंवा अपमान असेल तर मात्र काढा आणि लिहिणाऱ्याला कारण कळवा. रागात असाल तेव्हा मंडळाच्या अकाउंटवरून उत्तर देऊ नका. ते दुसऱ्या अॅडमिनला देऊ द्या.

शेवटी, हे चालतंय की नाही ते लाइक्सवरून ठरवू नका, कारण लाइक्स बहुधा आधीपासून येणाऱ्यांचेच असतात. कार्यक्रमाच्या दारात वही ठेवा आणि पहिल्यांदा आलेल्यांना एवढंच विचारा, ‘तुम्हाला कुठून कळलं?’ तीन कार्यक्रमांनंतर ती वही समितीपुढे ठेवा आणि पुढच्या वर्षी वेळ कुठे घालवायचा ते त्यावरून ठरवा.