प्रकाशाचं कलम

महाशिवरात्रीच्या यात्रेला कुणकेश्वरला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. देवळाला खेटून समुद्र आणि मागे हापूसच्या बागा. याच किनाऱ्यावर मी इंटरनेटच्या केबल जोडण्याचं काम करतो. त्या कामातल्या एका एवढ्याशा वस्तूबद्दल आज सांगायचं आहे. तिचं नाव पिगटेल, म्हणजे डुकराची शेपटी. नावाला हसू नका. गावाचं इंटरनेट शेवटी तिच्यावरच अवलंबून असतं.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात झाड पडून एका वाडीची केबल तुटली. आम्ही घाईघाईने ती जोडून दिली. जूनमध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली आणि तक्रार आली : नेट येतं नि जातं. मुलं पुन्हा रेंज शोधत भर पावसात छत्र्या धरून सड्यावर बसू लागली. मी पोचलो तेव्हा एक बागायतदार आजोबा म्हणाले, "तार तर बरी दिसता, मगे नेट खंय गेला?"

प्रश्न रास्त होता. केबलमधला काचेचा तंतू 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असतो. प्रकाश धावतो तो त्याच्याही आतल्या सुमारे 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. काचेतली अशुद्धी काढली तर प्रकाश लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी 1966 साली मांडलं. त्यासाठी त्यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं. आजची काच इतकी शुद्ध असते की 15 किलोमीटर गेल्यावरही जवळपास निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

पण हा तंतू यंत्रात खोचायचा तर टोकाला कनेक्टर हवा. त्याच्या बारीक सिरॅमिक नळीत तंतू अगदी मधोमध बसवून टोक घासून गुळगुळीत करावं लागतं. खाऱ्या वाऱ्यात, खांबाखाली बसून हे काम नीट साधत नाही. म्हणून कनेक्टर बसवून तपासलेला मीटर-दीड मीटरचा तुकडा कारखान्यातूनच येतो. तीच पिगटेल. तिचं एक टोक तयार आणि दुसरं मोकळं. मोकळं टोक गावात आलेल्या तंतूला जोडायचं.

"म्हणजे कलमच बांधतंस म्हण!" आजोबा म्हणाले. याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. मूळ गावातल्या रोपाचं, वर काडी जातिवंत हापूसची.

हे कलम असं बांधतात. आधी तंतूवर संरक्षक नळी ओवायची. ती विसरली तर जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग आवरण सोलायचं, अल्कोहोलने तंतू पुसायचा आणि क्लीव्हरने टोक काटकोनात सरळ तोडायचं. जोडयंत्र दोन्ही टोकं समोरासमोर आणतं आणि विजेच्या ठिणगीने काच वितळवून एकजीव करतं. जोड उत्तम असेल तर जेमतेम एक टक्का प्रकाश वाया जातो. बिघडला तर एकटा जोड 15 किलोमीटर तारेएवढा प्रकाश गिळू शकतो.

त्या वाडीत मात्र जोडही चांगला निघाला. पेटी उघडली तेव्हा चूक दिसली आणि ती माझीच होती. उरलेली पिगटेल मोठ्या वेटोळ्यात ठेवायची असते. वळण तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. मी घाईत ती मुडपून झाकणाखाली दाबली होती. त्या मोडीतून प्रकाश बाहेर सांडत होता. उरलेला कधी पुरे, कधी पुरत नसे. वेटोळं मोकळं केलं, कनेक्टर पुसला, झाकण नीट बसवलं. दहा मिनिटांचं काम! त्यासाठी मुलं कितीतरी दिवस सड्यावर भिजली.

आता फायबर आपल्या घरात, भिंतीवरच्या पेटीपर्यंत आलं आहे. त्याची बारीक तार खिळ्याला गुंडाळू नका, कपाटामागे चेपू नका, कनेक्टर उगाच काढू नका. काढलाच तर टोकात डोळा घालून पाहू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

आजोबांनी निघताना हातात दोन आंबे ठेवले, हंगामातले शेवटचे. म्हणाले, "कलम बांधल्यार परतून येवन बघूक व्हया." तेव्हापासून पेटी बंद करण्याआधी मी वेटोळं पुन्हा एकदा पाहतो.