खर्जाला जागा लागते

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सबवूफर शोधायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, ‘किती वॅटचा?’ खोक्यावर तोच आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. आकड्यापुढे ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असेल तर मात्र मोजमाप म्हणून त्याला काहीच किंमत नाही. खर्ज ऐकायचा असेल तर आधी विचारायला हवं, ‘पेटी किती लिटरची?’ आणि या प्रश्नावर घरी सबवूफर बनवणारा माणूस भल्याभल्या कंपन्यांच्या पुढे जाऊ शकतो.

माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २० हर्ट्झ. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झला बोलते, चार तारांच्या बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला, तर डग्ग्याची घुमक शंभर हर्ट्झच्या खाली-वर फिरते. स्वर एक सप्तक खाली गेला की हवेत तेवढाच दाब उभा करायला स्पीकरच्या कोनाला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलायला हवा. त्यात कानही खर्जाला कंजूष. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलहून अधिक पातळी लागते. टीव्हीच्या चपट्या पाठीत बसवलेले इवलेसे स्पीकर इथे हात टेकतात, यात नवल नाही.

मोठा स्पीकर घेतला म्हणून प्रश्न सुटत नाही. आठ इंची स्पीकर टेबलावर उघडाच ठेवून वाजवला तर खर्ज जवळजवळ गायब होतो. कोन पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरहून लांब असते, तिला आठ इंचांचा अडथळा जाणवतच नाही. पुढचा दाब कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढतो आणि हिशेब शून्यावर येतो. मागचा आवाज कोंडायला पेटी लागते ती यासाठी. पण कोंडलेली हवा स्वतःच स्प्रिंग होऊन कोनाला अडवू लागते, आणि पेटी जेवढी लहान तेवढी ही स्प्रिंग कडक.

एडगर विल्चर या अमेरिकन शिक्षक-संशोधकाने १९५४ मध्ये याच स्प्रिंगला कामाला लावलं. स्पीकरचं स्वतःचं निलंबन मुद्दाम ढिलं ठेवून कोनाला आवरण्याचं काम त्याने बंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासह त्याने ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. कपाटाएवढ्या पेट्यांतून येणारा खर्ज त्यांच्या एआर-१ या स्पीकरमुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला. किंमत अर्थात मोजावी लागली: तेवढ्याच आवाजासाठी जास्त ताकदीचा अॅम्प्लिफायर. क्लॉसचा पुढचा भागीदार अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा, याने या देवघेवीचा नियमच मांडला. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी फार तर दोनच मिळतात.

कंपन्या बहुतेकदा पहिली गोष्ट सोडत नाहीत. पेटी कंटेनरमध्ये, शोरूममध्ये आणि दिवाणखान्यात मावायला हवी असते, प्रत्येक जादा लिटरचं भाडं पडतं. घरी बनवणाऱ्यावर हे बंधन नाही. सोफ्याशेजारी तीस लिटरची पेटी ठेवायची त्याची तयारी असेल, तर उरलेल्या दोन्ही गोष्टी त्याला स्वस्तात मिळतात.

त्याच्या हाताशी आणखी एक जुनी युक्ती आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एकाच स्वरात घुमते. गळ्यातली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने त्याचं गणित मांडलं, आणि बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरस यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज करून ते स्पीकरच्या पेटीत आणलं. पेटीला ठरावीक लांबीची नळी बसवली की कोनाच्या मागे वाया जाणारा आवाज नळीतून योग्य वेळी बाहेर पडतो आणि खर्जाला टेकू देतो.

मात्र कुठल्या स्पीकरला किती लिटर आणि केवढी नळी, हे अनेक वर्षं अंदाजावर चाले. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं की पेटीतला स्पीकर हा विजेच्या फिल्टरसारखाच वागतो, म्हणून फिल्टरची तयार गणितं त्याला लावता येतात. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात त्यांचं काम पूर्णत्वाला नेलं. स्पीकरच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात, ते या दोघांचं देणं. स्वस्त स्पीकरबरोबर माहितीपत्रक सहसा येत नाही. पण हे आकडे घरी मोजता येतात, आणि या सगळ्या उद्योगातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे.

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये शंभरएक ओहमचा रेझिस्टर जोडायचा, मोबाइलवरच्या टोन जनरेटरने स्वर हळूहळू चढवत न्यायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहायचा. तो जिथे शिगेला पोहोचतो ती कोनाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजेच एफएस. समजा ती ४० हर्ट्झ आली. आता कोनाच्या मध्याभोवती मुलांच्या खेळातली २० ग्रॅम चिकणमाती चिकटवायची. वारंवारता ३२ वर उतरली, तर साध्या स्प्रिंगच्या सूत्राने हलत्या भागाचं वजन सुमारे ३६ ग्रॅम निघतं. त्यावरून निलंबनाचा ताठरपणा कळतो. कोनाचं क्षेत्रफळ २१० चौरस सेंमी धरलं, तर २८ लिटर हवेची स्प्रिंग त्या निलंबनाएवढीच ताठर ठरते. हाच तो व्हीएएस. मल्टिमीटर आणि मातीच्या गोळ्याने स्पीकरचं अंतरंग उघडं होतं.

हा स्पीकर १४ लिटरच्या बंद पेटीत घातला तर त्याची वारंवारता ४० वरून ६९ हर्ट्झवर चढते आणि त्याखालचा खर्ज झपाट्याने ओसरतो. कोनाची थरथर किती लवकर शमते हे सांगणारा क्यूटीएस ०.४ च्या थोडा वर असेल, तर तोच स्पीकर ३० लिटरच्या, ३५ हर्ट्झला जुळवलेल्या नळीच्या पेटीत जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. फरक फक्त दुप्पट जागेचा आणि पाइपच्या एका तुकड्याचा.

तो तुकडा नळकामाच्या दुकानात मिळतो. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आतून सुमारे ७ सेंमी, या पेटीला २६ सेंमी लांब लागतो. ११० मिलिमीटरचा घेतला तर लांबी ६० सेंमीच्या पुढे जाते आणि पेटीत सरळ मावत नाही. उलट अरुंद पाइपमधून मोठ्या आवाजात हवा फुसफुसते. घरगुती ऐकण्याला ७५ चा चालतो. त्याच्या तोंडाची कड मात्र घासून गोल करावी.

पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफची, आतून ३० बाय ३० बाय ३६ सेंमी. स्पीकर आणि पाइपने व्यापलेली जागा वजा जाता तीसेक लिटर उरतात. पाइपच्या आतल्या तोंडापुढे मोकळी जागा लागते, म्हणून लांब बाजू पाइपच्या दिशेने ठेवायची. साडेसात चौरस फूट माल पुरतो, कापताना थोडा वाया जातो. एमडीएफचा भुसा छातीला वाईट, मास्क हवाच. सांध्यांना फेव्हिकॉल आणि आतून सिलिकॉनची रेघ. बारीकशी फटही या पेटीला खपत नाही. शंका असेल तर खालचा स्वर वाजवत सांध्यापाशी उदबत्ती धरावी. धूर थरथरला की फट तिथेच.

अॅम्प्लिफायरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ चिपचा तयार बोर्ड पुरेसा आहे. जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर तो चालतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून जेमतेम ४० वॅट मिळतात. ते ८० केले तरी आवाज वाढणार फक्त ३ डेसिबल. एक धोका ध्यानात असावा: नळीच्या पेटीत ३५ हर्ट्झच्या बरंच खाली गेलं की कोनाला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो. म्हणून त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर फोनच्या इक्वलायझरमध्ये तरी लावलेला हवा.

मग उरते खोली. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झची लहर भिंतींमध्ये उभी राहते, त्यामुळे तो स्वर भिंतीपाशी गर्जतो आणि मधोमध नाहीसा होतो. जागा शोधायची रीत अशी: सबवूफर तात्पुरता आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, बेसची चढती-उतरती ओळ लावायची आणि गुडघ्यांवर रांगत खोली फिरायची. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे पेटी मांडायची. सुरुवातीला सबवूफरचे वरचे स्वर अडवणारा फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवून ओळखीचं तबलावादन लावावं. डग्गा तबल्याशेजारून न येता पेटीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला, तर सबवूफरचा आवाज थोडा कमी करायचा आणि हा फिल्टर ७० कडे आणायचा.